साडेचौदा हजारांची पिवळी काच

आखूड नळीची अ‍ॅक्रोमॅट (पुढं दोन काचांचं साधं भिंग असलेली) दुर्बीण असलेल्यांनो, ‘करेक्टर लेन्स बसवा, जांभळी कड गायब, दुर्बीण थेट अ‍ॅपो’ (म्हणजे रंगदोष जवळपास नसलेली महागडी दुर्बीण) अशी जाहिरात दिसली तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे १६,३०० रुपये बुडालेत. १४,५०० लेन्सचे, आणि ‘हिच्याशिवाय फोकस लागणार नाही’ म्हणून गळ्यात मारलेल्या एक्स्टेन्शन ट्यूबचे १,८००.

माझी दुर्बीण १०२ मिमी भिंगाची, एफ/५, म्हणजे फोकसचं अंतर भिंगाच्या व्यासाच्या पाचपट. चंद्राच्या कडेला जांभळट झालर दिसणारच. भिंगातली क्राउन-फ्लिंट या दोन काचांची जोडी लाल-निळा एका जागी जुळवते, जांभळा सुटतो, आणि नळी आखूड असली की जास्तच. हे मला माहीत होतं, त्यामुळे ‘आधी वाचायचं ना’ असं कुणी शिकवू नका. युक्रेनच्या एरीज कंपनीचा क्रोमाकॉर हा खरा करेक्टर होता, हेही वाचलेलं. म्हणून तर विश्वास बसला! फक्त तो ठरावीक दुर्बिणीसाठी, ठरावीक अंतरावरच बसवायचा असतो. ‘कुठल्याही दुर्बिणीला चालतो’ असं कुणी म्हणालं की तिथूनच उठा.

हा जाहिरातवाला बाबा पुण्याहून आलो म्हणत कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या गच्चीवर आला. ‘दादा, पैशाचं नंतर, आधी बघा तर.’ आधी नुसता चंद्र दाखवला, जांभळा. मग लेन्स बसवताना म्हणाला, ‘दव पडतंय, झाकण लावतो जरा.’ परत उघडलं ते फक्त मोठ्या झाकणाच्या मधलं छोटं टोपण. चंद्राची कड अशी स्वच्छ, की मी आईलाही वर बोलावलं. अहो, १०२ चे ५० मिमी केले की एफ/५ चं एफ/१० होतं, जांभळं जवळपास जातंच, तेही फुकटात! प्रकाश पाव उरतो, पण चंद्राच्या उजेडात ते कुणाला कळतंय? गुरू लावू म्हटलं तर म्हणाला, ‘तो उद्या निवांत बघा, मला शेवटची एसटी गाठायचीय.’ तिथं पाल चुकचुकली होती. चंद्रही जरा पिवळट वाटत होता. पण अंधारात, समोरचा अखंड बोलत असताना झाकण चाचपायला कोण जातंय? तुम्ही गेला असता? घरी आलेल्या माणसाला आम्ही चहा देतो, त्याची उलटतपासणी घेत नाही.

दुसऱ्या रात्री झाकण पूर्ण काढून गुरू लावला. झालर थोडी फिकी आणि अख्खा गुरू लिंबू सरबतासारखा. उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्यानं रिंग सोडवली, तर आत एकच सपाट पिवळी काच. साधा फिल्टर! ट्यूबलाइटखाली धरून बघत जा: सपाट काचेत प्रतिबिंब खिडकीच्या काचेसारखं सरळ येतं, लेन्समध्ये लहानमोठं किंवा वाकडं होतं.

आता पोलीस. अंमलदार विचारतात, ‘दुर्बीण चालते ना? मग बिघडलं काय?’ रंगदोष समजावायला गेलो तर, ‘साहेब, चंद्राला कड असली काय, नसली काय!’ वर, वस्तू मिळालीय म्हणजे हे दिवाणी. नंतर म्हणे माणूस पुण्याचा, तिकडं जावा. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर ‘साहेब आले की’. ते साहेब मला काही दिसले नाहीत. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलाय’. मीच टाकला, हो! म्हणून चोर सज्जन झाला का? फोन नंबर आहे, खातं आहे, स्क्रीनशॉट आहेत, अजून काय पाहिजे? त्याला धरून आणून मीच टेबलावर बसवू?

पुण्याला हेलपाटे घालू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. बिल नसेल तर रुपया देऊ नका. मला दिलं नव्हतं. झाकण स्वतःच्या हातानं काढा, आणि चंद्र नको, गुरू किंवा व्याध दाखव म्हणा. जांभळं फारच खुपत असेल तर पुठ्ठ्याला गोल भोक पाडून पुढं लावा.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. किंमत आता १५,९०० केलीय.