मीटरवर शून्य दाखवणारं अर्थिंग

घरात अर्थिंग नाही असं सांगून कोणी नवीन अर्थिंग करून दिलं आणि मग मल्टिमीटरवर न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थमध्ये स्वच्छ शून्य व्होल्ट दाखवले, तर पैसे द्यायच्या आधी त्याला बोर्ड उघडायला लावा. माझे साडेअठरा हजार या शून्यावर गेले. पैशांचं एक वेळ सोडा, पण मधले काही आठवडे आमच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट थेट न्यूट्रलला जोडलेलं होतं आणि त्याला घरातल्या सगळ्यांचा हात लागत होता.

मी घरी मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड करते. त्यासाठी बिनपंख्याचा कॉम्प्युटर जुळवून घेतला होता. प्रोसेसरवर भलामोठा हीटसिंक, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबासुद्धा पंखा नसलेला. पंख्याची घरघर गेली आणि तिच्याआड दडलेलं सगळं ऐकू यायला लागलं. हेडफोनमध्ये बारीक हमिंग, माइकचा आवाज वाढवला की आणखी. शिवाय कॅबिनेटच्या कडेवरून बोट फिरवलं की मुंग्या यायच्या, टेस्टर टेकवला तर त्यातला दिवा मिणमिणायचा.

दुकानदाराने आधी एसएमपीएस बदलला. जुना ‘दाखवून घेतो’ म्हणून ठेवून घेतला. हमिंग जिथल्या तिथे. मग त्याने आपला अर्थिंगवाला पाठवला.

हा माणूस आला, सॉकेटमध्ये मीटर लावला आणि म्हणाला, “ताई, बघा, न्यूट्रल-अर्थ एकशेदहा. तुमच्याकडे अर्थिंगच नाही.” हे शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं खपलं. एसएमपीएसच्या तोंडाशी नॉइज गाळणारा फिल्टर असतो. त्यातला एक छोटा कपॅसिटर फेजवरून बॉडीला, म्हणजे कॅबिनेटला जातो, एक न्यूट्रलवरून. अर्थ असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत निघून जाते. नसेल तर बॉडी २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११०-११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट मिलिअँपिअरच्याही आतला, त्यामुळे झटका बसत नाही, मुंग्या येतात. थोडक्यात, एसएमपीएस धडधाकट होता. कॉम्प्युटर विकणाऱ्या माणसाला एवढं माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

अर्थिंगवाल्याने ‘केमिकल अर्थिंग’ सुचवलं. असं अर्थिंग खरंच असतं आणि चांगलंही असतं. पार्किंगच्या मागे खड्डा खणला गेला, पाइप आला, काळसर भुकटीची पिशवी रिकामी झाली, वर सिमेंटचं झाकण बसलं. हिरवी वायर खिडकीतून आत आली. मला चहा करायला पाठवून त्याने बोर्डाचं काम उरकलं. मीटर लावला तर शून्य. मुंग्या बंद, हमिंगही बरंच कमी.

फक्त कॉम्प्युटर लावला की ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायला लागला. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: “हा फार सेन्सिटिव्ह आहे, नॉइज यानेच येतो.” आणि त्याने तो बायपास केला. कोणीही, कुठल्याही कारणाने, ईएलसीबी बायपास करतो म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवा.

नंतर नवीनच प्रकार सुरू झाला. गीझर लावला की हमिंग वाढायचं, बंद केला की उतरायचं. कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर. ती वायर उपसली की आवाज गायब. मग मात्र परवाना असलेल्या दुसऱ्या वायरमनना बोलावलं. वयस्कर गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी मेन बंद केला, बोर्डाची प्लेट काढली आणि मला बोटाने दाखवलं. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत लाल वायरचा दीड इंची तुकडा. खड्ड्यातून आलेली हिरवी वायर केसिंग-पट्टीच्या आत गुंडाळून ठेवलेली, टोकाला टेप, कशालाही जोडलेली नाही. खाली जाऊन झाकण काढलं तर पाइप हाताने हलत होता. अडीच-तीन मीटरचा हवा, हा जेमतेम दोन फूट.

मग सगळं जुळलं. न्यूट्रल आणि अर्थ एकाच तुकड्यावर असतील तर त्यांच्यात शून्याशिवाय दुसरं काय येणार? घरातला काही करंट माझ्या कॅबिनेटमधून, टीव्ही केबलच्या वायरीतल्या धातूच्या जाळीवरून परत जात होता. म्हणून गीझरबरोबर हमिंग वाढायचं आणि म्हणूनच ईएलसीबी पडायचा. तो बिचारा आपलं काम चोख करत होता. आणि मागे कुठे न्यूट्रल तुटला असता, तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर आले असते.

त्या वायरमनकडून शिकलेली तपासणी सांगते. गीझर किंवा इस्त्री चालू असताना न्यूट्रल-अर्थ मोजा. खऱ्या अर्थिंगवर आकडा थोडा तरी चढतो, एखाद-दोन व्होल्ट. तुकडा टाकलेला असेल तर ढिम्म हलत नाही. दुसरी, वायरमनकडूनच करून घ्यायची: दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद करून न्यूट्रल आणि अर्थमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेत का ते, बघायची. मीटर वाजला तर घरातच कुठेतरी दोन्ही जोडलेत. खड्डा चांगला की वाईट हे मल्टिमीटर सांगूच शकत नाही. त्याला जमिनीत दोन खुंट्या ठोकून लावायचा अर्थ टेस्टर लागतो. तो ज्याच्याकडे नाही, त्याला खड्ड्याचे पैसे कशाचे द्यायचे?

खरी दुरुस्ती अगदीच साधी निघाली. सोसायटीच्या मीटर रूममध्ये अर्थची पट्टी होतीच, आमच्या मजल्यापर्यंत वायर ओढलेली नव्हती, एवढंच. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून अडीच एमएमची हिरवी वायर आणली, ईएलसीबी परत लागला, केबलच्या वायरीला आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन करंट अडवणारा) बसवला. हमिंग गेलं. कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकमधून थोडी खरखर येते, तिथे मी हेडफोन लावतच नाही.

अर्थिंगवाल्याचा फोन लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली आहे. पण हातात आहे तो कोऱ्या कागदावर लिहिलेला ‘लेबर व मटेरियल’चा हिशेब, त्यावर ना जीएसटी नंबर ना परवाना क्रमांक. दुकानदार म्हणतो, तो आमचा माणूसच नव्हे. जुना एसएमपीएस त्याने अजून परत दिलेला नाही.