वाजवून दिलेल्या कॅसेटी : स्पेक्ट्रमच्या जुन्या सॉफ्टवेअरचे एक दुकान

पाकीट उघडल्यावर कॅसेटच्या आधी हाताला लागते ती एक चिठ्ठी. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या या चिठ्ठीवर दुकानदाराने शाईच्या पेनाने नोंद केलेली असते : कोणत्या तारखेला, कोणत्या यंत्रावर, कॅसेटची कोणती बाजू किती वेळा लावून पाहिली आणि त्यांपैकी किती वेळा तिच्यावरचा प्रोग्रॅम संगणकात पूर्ण लोड झाला. आपल्याकडे मातीचे मडकेसुद्धा वाजवून घेण्याची रीत आहे. जुन्या कॅसेटींच्या बाजारात मात्र बहुतेक विक्रेते 'तपासलेली नाही' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतात. हा दुकानदार कॅसेट अक्षरशः वाजवून मगच देतो. गेल्या चार वर्षांत त्याच्याकडून घेतलेल्या एकतीस कॅसेटींपैकी केवळ एक मला परत पाठवावी लागली.

दुकान इंग्लंडच्या मिडलँड्स भागातील एका छोट्या बाजारगावात आहे. ते एकाच माणसाचे असून बराचसा व्यवहार टपालाने चालतो आणि शनिवारी सकाळी काही तास प्रत्यक्ष जाता येते. तेथे झेडएक्स स्पेक्ट्रम या एकाच घरगुती संगणकाचे, वापरलेले, मूळ वेष्टणातील सॉफ्टवेअर मिळते. पुढे एक तक्रारही मांडायची असल्यामुळे दुकानाचे नाव मी देत नाही. मी त्याचा गिऱ्हाईक आहेच, परंतु गेल्या वर्षी माळ्यावरची खोकी रिकामी करताना मी त्याला एकशे बारा कॅसेटी विकल्याही. त्यामुळे हा व्यवहार मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे आणि दोन्ही बाजूंचे माझे मत सारखे नाही.

स्पेक्ट्रम १९८२ च्या एप्रिलमध्ये बाजारात आला तेव्हा ४८ के स्मृतीच्या यंत्राची किंमत १७५ पौंड होती. डिस्क ड्राइव्ह त्यात नव्हताच. घरातला साधा टेपरेकॉर्डर जोडायचा आणि टीव्हीवर चित्र पाहायचे, अशी सोय होती. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने हेच यंत्र काढले आणि माझ्या वडिलांनी ते घरी आणले. आमच्याकडे येणारे खेळ मात्र नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल या परंपरेतले असत. गाण्यांच्या कॅसेटवर मागच्या बाजूला कोणीतरी खेळ उतरवून दिलेला असे आणि पुढच्या बाजूला भावगीतांचे अवशेष शिल्लक असत. मूळ कॅसेटबरोबर छापील रंगीत वेष्टण असते, त्यात सूचना असतात, कधी नकाशा असतो, हे मला इंग्लंडमध्ये लेस्टरला राहायला आल्यावरच कळले, आणि त्याच भरात मी दीडेकशे कॅसेटी जमवल्या.

या मालात तपासणीला इतके महत्त्व का, हे यंत्राची रीत पाहिल्याशिवाय उमगत नाही. 'जे'ची कळ दाबून लोडचा आदेश आणायचा, दोन अवतरणचिन्हे टंकायची आणि टेप सुरू करायची. मग पडद्याच्या कडेला आधी तांबडे-निळसर आणि नंतर निळे-पिवळे पट्टे धावू लागतात. शून्यासाठी आखूड आणि एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीचा ठोका, अशा ठोक्यांची ती माळ असते. साध्या पद्धतीने भरलेल्या प्रोग्रॅममध्ये साऱ्या बाइटांचा ताळा अगदी शेवटी होतो. म्हणजे सुमारे पाच मिनिटे किरकिर ऐकून झाल्यावर, दुसऱ्या मिनिटाला चुकलेल्या एका ठोक्यापायी, 'टेप लोडिंग एरर' ही ओळ पडद्यावर उमटू शकते. गाण्याची कॅसेट जुनी झाली तर आवाज जरा दबतो आणि आपण ऐकत राहतो. येथे असे 'जरा' काही नसते.

चाळीस वर्षांच्या कॅसेटचे बिघडते काय, तर पुष्कळदा चुंबकीय फीत नव्हे, तिच्या आसपासचे बारीकसारीक. फितीला टेपरेकॉर्डरच्या हेडशी, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाशी, दाबून धरणारा, तांब्याच्या पट्टीवर चिकटवलेला, तांदळाच्या चार दाण्यांएवढा नमद्याचा (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाचा) तुकडा असतो. त्याचा डिंक वाळतो आणि तुकडा गळून आत खुळखुळतो. मला आलेल्या एका कॅसेटच्या चिठ्ठीवर 'नमदा बदलला' अशी नोंद होती. भिंगाखाली पाहिले तर नवा तुकडा इतक्या सफाईने बसवला होता की मूळचा कोणता आणि नंतरचा कोणता हे शेजारी दुसरी कॅसेट ठेवूनही सांगता येईना. स्क्रूने बंद होणाऱ्या कॅसेटींना हे करणे सोपे आहे. ज्यांची दोन अंगे वितळवून जोडलेली असतात त्या तो उघडत नाही आणि तसे स्पष्ट लिहितो.

भावाविषयी थोडक्यात सांगायचे तर तो महाग आहे. त्या काळी १.९९ पौंडाला दुकानोदुकानी मिळणाऱ्या स्वस्त मालिकांच्या कॅसेटीला तो साडेतीन ते चार पौंड लावतो. न तपासलेली तीच कॅसेट इतरत्र दीड पौंडाला मिळू शकते. मला हा फरक पटतो, कारण मधली रक्कम कॅसेटची नसून त्याने टेपरेकॉर्डरपुढे बसून घालवलेल्या अर्ध्या तासाची आहे. दुर्मीळ मालाला मात्र तो तपासणीपेक्षा वेष्टणाकडे पाहून भाव लावतो. 'मॅनिक मायनर' हा खेळ १९८३ साली आधी बग-बाइटने आणि नंतर सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सने काढला. खेळणाऱ्याला दोन्ही जवळपास सारखेच, पण पहिल्या वेष्टणाला तो दुसऱ्याच्या कित्येक पट किंमत सांगतो. संग्राहकांच्या बाजाराची ती रीत आहे, त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. मी मात्र दुसरे घेतले.

पाठवण्याची पद्धत नेटकी आहे. साधी कॅसेट डबीसकट अडीच सेंटिमीटरच्या आत बसत असल्यामुळे रॉयल मेलच्या मोठ्या पत्राच्या दरात जाते आणि तो टपालाचे तेवढेच पैसे घेतो. अल्टिमेटच्या खेळांना ही सोय नाही. १९८४ मध्ये 'सेबर वुल्फ'पासून या कंपनीने साडेपाच पौंडांची किंमत एकदम ९.९५ वर नेली आणि कॅसेट भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली. नक्कल करणाऱ्याला खोक्याचा मोह पडून तो विकत घेईल, असा त्यामागे हिशेब होता. आज ते खोके पार्सलनेच पाठवावे लागते आणि वाटेत त्याचे कोपरे चेपतात. ही कंपनी लेस्टरशायरमधल्याच ॲशबी-डी-ला-झूशची, म्हणजे माझ्या घरापासून मोटारीने फार तर पाऊण तासावरची. तरीही तिचे 'नाइट लोअर' चांगल्या खोक्यासह मिळवायला मला दोन वर्षे लागली. ते याच दुकानात मिळाले आणि चारही कोपरे शाबूत पोहोचले, कारण त्याने खोक्याच्या आत कॅसेटभोवती आणि बाहेर चहूबाजूंनी वेगवेगळे पुठ्ठे कापून लावले होते.

खरी कसोटी लागते ती कॅसेटबरोबरच्या चिटूरक्यांची. नक्कल रोखण्यासाठी त्या काळी काय काय युक्त्या निघाल्या होत्या, आणि त्या युक्त्यांपायी आज अस्सल कॅसेटही निरुपयोगी ठरू शकते. 'जेट सेट विली' सुरू होण्याआधी छापील तक्त्यातील एका चौकोनाचे रंग विचारतो. तक्ता हरवला तर खेळ दारातच थांबतो. (आमच्याकडे हा तक्ता माझ्या आतेभावाने वहीच्या पानावर रंगीत पेन्सिलींनी उतरवला होता, त्याचा किरमिजी आणि तांबडा इतका सारखा होता की निम्म्या वेळा आम्हालाच प्रवेश मिळत नसे.) 'एलीट'बरोबर लेन्सलॉक नावाचे प्लास्टिकचे घडीचे भिंग येत असे. पडद्यावर विस्कटलेली दोन अक्षरे त्या भिंगातून पाहिली की जुळून दिसतात आणि ती टंकली की खेळ सुरू होतो. परंतु प्रत्येक प्रोग्रॅमचे भिंग वेगळे असते आणि एकाचे दुसऱ्याला चालत नाही. हा दुकानदार असे भिंग केवळ आहे की नाही एवढे न पाहता त्यातून अक्षरे वाचून पाहतो. हे मला कसे कळले, तर मी त्याला विकलेल्या 'एलीट'मधले भिंग 'टॉमहॉक'चे निघाले. इतकी वर्षे ती प्रत मी अस्सल आणि संपूर्ण म्हणून जपली होती; एकदाही लावून पाहिली नव्हती.

आता विकण्याची बाजू. यादी पाठवल्यावर दोन दिवसांत त्याचे उत्तर आले : स्वस्त मालिकांना पन्नास पेन्स, पूर्ण किमतीच्या साध्या खेळांना सव्वा ते दोन पौंड, मोठ्या खोक्यांचा भाव पाहिल्यावर. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जो कोणी वस्तू घेऊन उभा राहिला असेल त्याला यात नवल वाटणार नाही. विकणाऱ्याने पहिला आकडा ऐकून तोंड पाडायचेच असते. मी थोडी घासाघीस केली आणि खोक्यांचा भाव वाढवून घेतला. येथवर सर्व ठीक होते.

तीन आठवड्यांनी पैसे आले ते मात्र चौदा कॅसेटी वजा करून. 'लोड होत नाहीत' असे म्हणून त्या त्याने बाजूला काढल्या होत्या आणि परत हव्या असतील तर टपालखर्च मी द्यावा, असे कळवले होते. मी तो दिला. घरी माझ्या साध्या एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर त्यांपैकी अकरा लोड झाल्या. कारण शोधायला वेळ लागला नाही : त्याने माझ्या कॅसेटी 'प्लस टू' या स्पेक्ट्रमच्याच पुढच्या यंत्राच्या अंगच्या टेपरेकॉर्डरवर एकेकदाच लावल्या होत्या आणि हेडचा स्क्रू हलवला नव्हता. ज्या यंत्रावर कॅसेट भरली गेली त्याच्या आणि ऐकणाऱ्या यंत्राच्या हेडचा कोन जुळला नाही की वरच्या पट्टीचा आवाज बोथट होतो आणि आखूड ठोके आधी बुडतात. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने पाव वेढा दिला तर पुष्कळदा काम भागते. विकण्यासाठी तपासताना हा वेढा तो नेमाने देतो. त्याच्या चिठ्ठ्यांवर 'हेड जुळवून' असे शब्द कितीदा तरी आहेत. घेण्यासाठी तपासताना त्याने तो दिला नाही. विकत घेताना एक माप आणि विकताना दुसरे, हा प्रकार वाण्याच्या दुकानात चालत नाही तर येथे का चालावा, असे मी त्याला सौम्य शब्दांत लिहिले.

त्याने वाद घातला नाही, हे नोंदवले पाहिजे. अकराही कॅसेटी त्याने पुन्हा मागवल्या, या वेळी टपालखर्च त्याने सोसला, आणि आठ ठरलेल्या भावाने घेतल्या. पहिला टपालखर्च मात्र मागूनही मिळाला नाही. रक्कम क्षुल्लक आहे, पण गेली ती गेलीच. म्हणून त्याला माल विकू इच्छिणाऱ्यांनी प्रत्येक कॅसेट आधी घरी लावून पाहावी, ती कोणत्या टेपरेकॉर्डरवर लोड झाली ते यादीत लिहावे आणि नापास मालाचा टपालखर्च कोणाचा हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे. घाई असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

घरी उतरवलेल्या नकला तो घेत नाही आणि विकतही नाही. त्याबाबत तो कडक आहे आणि ते योग्य आहे. परतीच्या बाबतीत त्याचे औदार्य कायद्याच्या थोडे पुढे जाते. दूरस्थ खरेदीवर ब्रिटनमध्ये चौदा दिवसांत माघार घेता येते, परंतु सीलबंद सॉफ्टवेअरचे सील फोडले की हा हक्क जातो. येथे सील फोडून चाळीस वर्षे झालेली असल्याने तो प्रश्न उद्भवत नाही. माझी परत पाठवलेली एक कॅसेट त्याने महिन्यानंतरही विनातक्रार घेतली होती.

माझ्याकडे अजून 'प्लस थ्री'च्या, म्हणजे डिस्क ड्राइव्ह असलेल्या नंतरच्या स्पेक्ट्रमच्या, तीन इंची सहा डिस्का उरल्या आहेत. त्या घेणार का, असे मी मागच्या महिन्यात विचारले. त्याच्या ड्राइव्हचा रबरी पट्टा सैल होऊन तुटला आहे, नवा बसवून ड्राइव्ह चालू होईपर्यंत डिस्क तपासता येणार नाही आणि तोवर कोणत्याही भावाने घेणार नाही, असे त्याचे उत्तर आले. डिस्का कपाटातच आहेत.