वाडीची शाळा की समूह शाळा? ठरावावर सही करण्याआधीचा हिशोब

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 या दशकात घटली. मुंबईला गेलेलं कुटुंब परतत नाही आणि वाडीवरच्या शाळेचा पट दरवर्षी खाली येतो. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण विभागाने 20 आणि त्याहून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे जवळपासच्या लहान शाळा मिळून एकच मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले; पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचे नमुने पुढे ठेवले. तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे असा प्रस्ताव आला असेल, तर पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी यांचा निर्णय वेगवेगळा घ्या. दोन्हींची गणितं उलटी आहेत.

पहिली ते पाचवी

9, 12 आणि 14 पटाच्या तीन शाळा धरा. एकत्र केल्या की पट 35. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळेल असं सांगितलं जातं, पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 पटापर्यंत दोनच शिक्षक आहेत. 61 पासून तीन, 91 पासून चार, आणि पाच शिक्षकांसाठी पट 120 च्या वर हवा. म्हणजे विलीनीकरणानंतरही दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळणार. कायद्याप्रमाणे तीन शाळांची सहा पदं होती, त्यांची दोन झाली. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेतून शाळेच्या वार्षिक खर्चासाठी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान 30 पटापर्यंत 10,000 आणि 31 ते 100 पटाला 25,000 रुपये आहे. तीन शाळांचे 30,000 येत होते, आता 25,000 येतील.

लहान शाळेची दुखणीही खरी आहेत. अनेक ठिकाणी प्रत्यक्षात एकच शिक्षक असतो. तो प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की शिकवणं बंद. माकडांनी कौलं फोडली की वर्षाच्या अनुदानातला मोठा भाग शाकारणीतच जातो. नऊ मुलांत कबड्डीचे दोन संघही होत नाहीत. यावर उपाय आहेत. एका केंद्रातल्या, म्हणजे एकाच केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालच्या, दोन-तीन शाळांनी मिळून बदली शिक्षकाची पाळी केंद्रप्रमुखांकडून लेखी ठरवून घ्यावी. पहिली-दुसरी एक गट आणि तिसरी ते पाचवी दुसरा, असं वेळापत्रक लावावं. एका गटाला शिकवताना दुसऱ्याच्या हातात ठरलेलं स्वाध्यायाचं काम हवं, नाहीतर तो गट फक्त बसून राहतो. खेळ, प्रयोग आणि वाचन यांसाठी महिन्यातून एक दिवस सगळ्या शाळा एकत्र आणाव्यात. शाकारणीचं काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालून मे महिन्यातच उरकावं.

सहावी ते आठवी

इथे आमचा कौल समूह शाळेला. कायद्यात या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांचा प्रत्येकी किमान एक शिक्षक अपेक्षित आहे. पट 100 च्या वर गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य-शारीरिक व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक. सातवीत चार मुलं असलेल्या शाळेत हे जमत नाही, आणि 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निकषांनंतर तिथली पदं टिकवणं आणखी अवघड झालं आहे. बीजगणिताची सुरुवात या वयात होते. विषय शिक्षकाविना गेलेली तीन वर्षं नववीत भरून निघत नाहीत.

गाडी

समूह शाळेची योजना बहुतेक इथेच फसते. समग्र शिक्षातून वाहतुकीसाठी प्रति मूल वर्षाला 6,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात, म्हणजे दहा महिने धरले तर महिन्याला 600. बारा मुलांचे 7,200. पंचवीस दिवसांनी भागा: दिवसाला 288 रुपये, त्यात दोन फेऱ्या, डिझेल आणि चालक. घाटीच्या रस्त्यावर एवढ्यात कोणी टिकत नाही. शिवाय पैसे उशिरा आले तर गाडीवाला दुसऱ्या महिन्यात थांबतो. कमी पडणारी रक्कम ग्रामपंचायत देणार की जिल्हा परिषद, हे आधी ठरलं पाहिजे. मुलींना एसटीचा मोफत पास पाचवीपासून आहे, त्यामुळे सहावी-सातवीच्या मुलींना तो उपयोगी पडतो; पण गाडीची वेळ शाळेला जुळते का, हे आगारातून लेखी घ्या.

अंतर

महाराष्ट्राच्या नियमांत प्राथमिक शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक 3 किलोमीटरच्या आत हवी. हे अंतर मूल चालतं त्या पायवाटेने मोजा, आणि एप्रिलमध्ये मोजू नका. इथे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उन्हाळ्यात ज्या पऱ्ह्यात (ओढ्यात) पाऊल बुडत नाही तो जुलैत कमरेला लागतो. अशा पऱ्ह्यावर साकव (छोटा पूल) नसेल तर अंतर कितीही कमी असो, प्रस्तावाला हरकत नोंदवा.

ठराव करण्याआधी अंगणवाडीच्या नोंदवहीतून पुढच्या पाच वर्षांची पहिलीत येणारी मुलं मोजा. आकडा वाढता असेल तर प्राथमिक शाळा सोडूच नका, कारण गेलेली पदं परत मिळवणं फार कठीण जातं. उच्च प्राथमिकला संमती देताना वाहन, साकव आणि विषय शिक्षकांची नेमणूक या अटी ठरावातच लिहा, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत वर्ग जागेवरच राहतील हे वाक्य त्याखाली स्वतंत्र कलम म्हणून घाला. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्या बैठकीला लांबच्या वाडीतल्या आया हजर आहेत ना, हे सही करण्याआधी पाहा.