मावळ्यांचे कपडे भाड्याने: मांजरपाट मागा, मखमल नको

दरवर्षी २५ नोव्हेंबरच्या जवळचा रविवार धरून आम्ही चार घरं मालवणात जमतो. १६६४ साली याच तारखेला मोरयाच्या धोंड्यावर पूजा झाली आणि समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. तो प्रसंग आम्ही आपल्या हौसेने उभा करतो. प्रेक्षक म्हणजे आठ-दहा पर्यटक आणि दोन कुत्रे. नवरा किल्ल्याचं बांधकाम पाहणारे हिरोजी इंदुलकर होतो (तीन वर्षं तोच होतोय, पद सोडायला तयार नाही), धाकटा पाथरवट, थोरली मावळा आणि मी जिथे माणूस कमी तिथे.

एरवी कपडे घरीच शिवतो. यंदा सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मशीन बंद, म्हणून पहिल्यांदाच भाड्याने आणले. दुकान आमच्या जिल्ह्यातलंच. नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत आणि बाई तशा माणुसकीच्या आहेत.

सेटला साडेतीनशे, वर हजार डिपॉझिट. अंगरखा, चोळणा (सैलसर विजार), शेला, पगडी, ढाल, तलवार. फोनवर बाई म्हणाल्या, "ताई, सिरियलसारखे मखमलीचे नवीन आलेत." हिरोजी खूश. न्यायला गेलो तर सहापैकी चारच मखमली शिल्लक; उरलेले दोन त्यांनी जरा ओशाळून खालच्या फळीवरून काढले, साध्या मांजरपाटाचे, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाचे. ते मुलांना दिले.

मखमलीला आत सिंथेटिक अस्तर आहे. मालवणची नोव्हेंबरातली दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. साडेदहालाच नवरा निथळत होता आणि शेल्याचा लाल रंग पांढऱ्या चोळण्यावर उतरला होता. अंगरख्याला बंद नाहीत, पाठीमागे वेल्क्रो. ऐन पूजेत हिरोजी नारळ फोडायला वाकले आणि पाठ खर्रर्र करून उघडली. कुत्रे भुंकायला लागले. पुढचा अर्धा तास कोणी गंभीर राहू शकलं नाही.

मांजरपाटाचे दोन सेट मात्र ज्याने कोणी शिवलेत त्याला नमस्कार. छातीवर कापडाचेच बंद, सुरगाठ मारायची. बाह्या दुमडता येतात, काखेत वेगळी चौकोनी पट्टी जोडलेली असल्याने हात वर केला तरी अंगरखा ओढला जात नाही. धाकट्याने दिवसभर दगड उचलल्याचं नाटक केलं, एक टाका उसवला नाही.

पगड्या सगळ्याच टाकाऊ. आत फोम, बाहेर साटीन, हेल्मेटसारख्या डोक्यावर ठेवायच्या. धाकट्याची नाकावर यायची. शेवटी आजोबांचं जुनं धोतर फाडून मुंडासं बांधलं.

ढालीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण थोरली मर्दानी खेळ शिकते आणि ती यावरून दुकानातच भांडली. ढालीवरच्या चार फुल्या (धातूच्या फुगीर चकत्या) शोभेच्या नसतात. आतल्या मुठींच्या कड्या ढालीतून आरपार येऊन त्या फुल्यांत पक्क्या होतात. दोन मुठी एकत्र धरायच्या आणि मागे गादी, म्हणजे घाव बसला तरी हाताची बोटं वाचतात. इथे फायबरवर सोनेरी फुल्या चिकटवलेल्या आणि मागे एकच पट्टा, तोही स्टेपल केलेला. दुसऱ्या टोल्याला निघाला. तलवारी पत्र्याच्या, बोथट. मुलांच्या हातात द्यायच्या म्हणून तेच बरं, पण एकीची मूठ पहिल्यापासून हलत होती.

किल्ल्यात जाताना होडीवाले काका आम्हाला बघून म्हणाले, "तलवारी नीट धरा हां, होडयेक भोक पाडशात!" शिवराजेश्वराच्या, म्हणजे किल्ल्यातल्या शिवाजी महाराजांच्या देवळाबाहेर थोरलीने बापाला सुनावलं. तिथली मूळ मूर्ती नावाड्याच्या टोपीतली आहे, हे तिला ठाऊक होतं. "महाराज कोळ्याची टोपी घालून बसलेत आणि तुम्ही हे मखमल!" हिरोजी घाम पुसत राहिले.

परत करताना बाईंनी दोनशे कापले, हलणाऱ्या मुठीचे. आधीच हलत होती म्हटलं तर ऐकेनात. घेताना मोबाईलवर फोटो काढून ठेवायला हवा होता, ती माझी चूक. रंग उतरलेल्या चोळण्याचं मात्र एका शब्दाने काही बोलल्या नाहीत, उलट चहा दिला.

शाळेच्या स्टेजवर दहा मिनिटं उभं राहायचं असेल तर मखमल चालेल, फोटोत झकास दिसते. दिवसभर समुद्रावर वावरायचं असेल तर खालच्या फळीवरचं मागा. पुढच्या नोव्हेंबरसाठी मी मांजरपाटाचे सहा सेट आत्ताच सांगून ठेवलेत. चार नवे शिवून घेईन म्हणाल्यात, पाचशे आगाऊ घेऊन. हिरोजींना अजून कळवलेलं नाही.