रोस्टर रविवारी रात्री पावणेबाराला येतं: कपड्यांच्या एका शोरूमचा आतून रिव्ह्यू

ठाण्यातल्या एका मॉलमधल्या मोठ्या कपड्यांच्या शोरूममध्ये मी जून २०२४ ते नोव्हेंबर २०२५ काम केलं. नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही म्हणाल अरे हो, आम्ही तिथूनच कुर्ता घेतला, मस्त आहे. कुर्ते मस्तच आहेत. हा रिव्ह्यू कुर्त्यांचा नाही, कुर्त्यांच्या घड्या घालणाऱ्यांच्या नोकरीचा आहे. पाचपैकी अडीच स्टार, आणि त्यातला दीड माझ्यासोबत फ्लोअरवर उभ्या राहणाऱ्या पोरापोरींचा, कंपनीच्या वाट्याला एक.

आधी चांगलं ते सांगून टाकते. पगार सात तारखेला म्हणजे सातलाच, एकदाही मागे लागावं लागलं नाही. ग्रॉस १८,०००, त्यातून पीएफ १,८००, ईएसआय (नोकरदारांचा सरकारी आरोग्य विमा) पाऊण टक्का म्हणजे १३५, हातात १६,०६५. माझ्याबरोबर जॉइन झालेल्या मुलाला १५,८६५ यायचे आणि तो दोन महिने डोकं खात होता की तुलाच दोनशे जास्त का, नंतर कळलं की आपल्याकडे बायकांना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, त्यानंतर तो दर महिन्याला माझ्याकडून वडापाव वसूल करायचा. पीएफ खरंच भरला जायचा, मेसेज यायचा. एसी आहे, बाथरूम स्वच्छ आहे, स्टाफ डिस्काउंट बरा आहे. पेरोल मात्र ब्रँडचं नाही, एजन्सीचं, म्हणजे युनिफॉर्म एकाचा आणि पगार दुसऱ्याचा, आणि तक्रार घेऊन गेलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार.

आता रोस्टर, म्हणजे कुणाची ड्युटी कधी याचा तक्ता. तीन शिफ्ट: ओपनिंग १० ते ७, जनरल १२ ते ९, क्लोजिंग दीड ते साडेदहा. कागदावर नऊ-नऊ तास. आठवडा सोमवारपासून सुरू होतो आणि त्या आठवड्याचं रोस्टर रविवारी रात्री पावणेबाराच्या आसपास व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं, एक्सेलच्या शीटचा फोटो, तोही कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरून मोबाइलनं काढलेला, कडेला एएसएमचा, म्हणजे असिस्टंट स्टोअर मॅनेजरचा, अंगठा दिसतो. म्हणजे सोमवारी सकाळी दहाला मला दुकानात असायचंय की नाही हे मला झोपायच्या वेळेला कळणार. माझं घर बदलापूरला. रविवारी क्लोजिंग असेल तर मी तो फोटो ट्रेनमध्येच बघायची, अंबरनाथच्या आसपास, आणि शेजारी कुणी ओळखीचं असेल तर तिला दाखवून हसायची, कारण दुसरं काय करणार.

क्लोजिंगला लागून ओपनिंग, हा प्रकार समजावून सांगते. मॉल दहाला बंद. पण दहा वाजता दुकान रिकामं होत नाही, मग कॅश टॅली, ट्रायल रूममधला ढीग परत रॅकवर, साइजप्रमाणे लावायचं, टेबलावरच्या घड्या, मग बॅग चेकिंग, फ्रिस्किंग. बाहेर पडायला अकरा दहा. रिक्षा, स्टेशन, पावणेबाराची गाडी मिळाली तर घरी पावणेएक. जेवण, आंघोळ, दीड. सकाळी आठ सव्वाआठची गाडी पकडायची तर साडेसहाला उठा. हे आठवड्यातून दोनदा व्हायचं आणि नेहमी त्याच चार-पाच जणांच्या वाट्याला, जे मॅनेजरच्या चहाला नसतात ते.

ते जास्तीचे चाळीस मिनिटं कुठेच लिहिले जात नाहीत. बायोमेट्रिकला पंच आउट करून मग घड्या घालायच्या, हा नियम कुणी लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ. मी एकदा ओव्हरटाइमबद्दल विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "आपल्याकडे ओव्हरटाइम नसतो गं, आपल्याकडे टीम स्पिरिट असतं." मी हसले पण. नंतर ट्रेनमध्ये बसून राग आला, आमचं असंच, राग कल्याणनंतर येतो.

तेव्हाच मी पहिल्यांदा कायदा काय म्हणतो ते शोधलं. आपल्या राज्यात दुकानांसाठी २०१७ चा कायदा आहे, त्याआधी १९४८ चा होता. २०१७ च्या कायद्यात तेव्हा दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाचा ब्रेक, ओव्हरटाइमला दुप्पट दर, आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी, आणि ती सुट्टी दिली नाही तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. बायकांना रात्री साडेनऊनंतर काम द्यायचं असेल तर त्यांची संमती पाहिजे आणि सुरक्षेची सोय पाहिजे. हे वाचून मी एचआरला विचारलं की माझी संमती कुठाय. त्यांनी लगेच काढून दाखवली. जॉइनिंगच्या दिवशी ज्या वीस-बावीस कागदांवर "इथे, इथे आणि इथे" करत सह्या घेतल्या होत्या, त्यात एक तीसुद्धा होती. सही माझीच, नाही कसं म्हणू. घरी सोडायची सोय विचारली तर म्हणे ठाणे स्टेशन जवळच आहे की.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं ९ चे १० तास करायला मंजुरी दिली, ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला १२५ वरून १४४ तास, आणि कायदा दहाच्या ऐवजी वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. आमच्या फ्लोअरवर सगळे मिळून सोळा. त्या दिवशी ब्रेकमध्ये फूड कोर्टच्या मागच्या जिन्यात हाच विषय होता, कॅशवाली ताई म्हणाली, दहा तास तर आपण आत्ताच करतो, आता निदान कायदेशीर करू.

इथे माझ्या पप्पांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते दादरला साडीच्या दुकानात सत्तावीस वर्षं होते. दादरला सोमवारी दुकानं बंद. जुन्या कायद्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायलाच लागायचं, त्यामुळे शेटची सुट्टी, पप्पांची सुट्टी, चहा आणणाऱ्या पोऱ्याची सुट्टी, सगळ्यांची एकच. आमच्या घरी रविवार नव्हताच, सोमवार होता. मटण सोमवारी (आजी नाक मुरडायची, शंकराचा वार म्हणून), नातेवाइकांकडे जाणं सोमवारी, माझ्या पॅरेंट्स मीटिंगला पप्पा यायचे तेही ती सोमवारी असेल तरच. पण माहीत असायचं. सहा महिन्यांनंतरच्या सोमवारी पप्पा घरी असणार हे लिहून घ्या. २०१७ च्या कायद्यानं दुकानं ३६५ दिवस उघडी ठेवायची मुभा दिली, सुट्टी शटरवरून उतरून रोस्टरमध्ये गेली, आणि रोस्टर आमच्या एएसएमच्या मोबाइलमध्ये. तेव्हा सगळं छान होतं असं म्हणत नाहीये हां, पप्पांना पीएफ नव्हता, दिवाळीला पाकिटात जे येईल ते आणि पाकीट शेटच्या मूडवर. ईएसआयच्या कार्डावर माझ्या आईचं ऑपरेशन झालं ते माझ्या या नोकरीमुळे, हे मी विसरत नाही.

शनिवार-रविवार सुट्टी मागायची नाही, हे इंटरव्ह्यूमध्येच सांगतात, त्याबद्दल तक्रार नाही. रिटेलमध्ये येऊन रविवारी सुट्टी मागणं म्हणजे भटजी होऊन चतुर्थीला सुट्टी मागण्यासारखं. माझी तक्रार रविवारच्या मेगाब्लॉकबद्दल आहे. सेंट्रलवाल्यांना सांगायला नको, माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला की गाड्या दहा-पंधरा मिनिटं लेट, आणि आमच्याकडे दहा मिनिटांनंतर लेट मार्क, तीन लेट मार्कला हाफ डे कट. म्हणजे ज्या दिवशी आमची सगळ्यात जास्त गरज, त्या दिवशी रेल्वे लेट, आणि पैसे माझे कापणार. मी ब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी ग्रुपवर टाकायला लागले, त्यावर एक अंगठा यायचा, बस.

सेलचं काय सांगू. वर्षातून दोन मोठे एंड ऑफ सीझन सेल, शिवाय २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट, म्हणजे कायद्यानं ज्या दिवशी भरपगारी सुट्टी धरलीय नेमका त्याच दिवशी आमच्याकडे "वीक ऑफ फ्रीझ", म्हणजे साप्ताहिक सुट्टी कुणालाच नाही. जुलैच्या सेलला सलग तेरा दिवस गेले. चौथ्या दिवसानंतर आपण कपडे बघत नाही, फक्त हँगरची दिशा बघतो. ट्रायल रूमबाहेर मोजून तीनच कपडे आत सोडायचे, बाई सात घेऊन येणार, तिच्याशी भांडायचं, मागे रांग, मागून मॅनेजर डोळ्यांनी विचारतोय कन्व्हर्जन किती, म्हणजे आलेल्यांपैकी घेतलं किती जणांनी, आणि पायाच्या टाचेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं. बसायला मनाई. स्टूल एकच, तो कॅशला, तोही शोसाठी. केरळमध्ये दुकानातल्या बायकांनी या बसण्यासाठी कित्येक वर्षं आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये कायदा बदलून बसायची सोय करणं बंधनकारक करून घेतलं, तामिळनाडूनं २०२१ मध्ये तसंच केलं. आमच्याकडे बसायची सोय म्हणजे बॅक स्टोअरमधले बंद कार्टन. हिवाळी स्टॉक आला की कार्टन जाड असायचे, जॅकेटवर बसायला बरं वाटतं, हे मी अनुभवानं सांगते.

भाऊबीज. २०२५ ची, २३ ऑक्टोबर, गुरुवार. त्या आठवड्याच्या फोटोत माझ्या नावापुढे गुरुवारी डब्ल्यूओ, म्हणजे वीक ऑफ, स्पष्ट दिसत होतं, मी भावाला सांगितलं होतं, तो पुण्याहून येणार होता. बुधवारी रात्री दहा वाजता मेसेज: "डिअर टीम, स्मॉल चेंज." दोघी जणी आजारी, माझी क्लोजिंग. फोन केला, उचलला नाही. मग भाऊच मॉलमध्ये आला, आईनं डब्यात तबक भरून दिलं होतं, करंज्या, कुंकू, सुपारी, तिची अंगठी. चार वाजता माझा अर्ध्या तासाचा ब्रेक. फूड कोर्टमध्ये निरांजन लावू देत नाहीत, साहजिक आहे. मागच्या सर्व्हिस कॉरिडॉरमध्ये गेलो तर सिक्युरिटीवाले काका म्हणाले इथेही आग नको बेटा, वर स्मोक डिटेक्टर आहे, पण थांबा, मी बघतो कुणी येत नाही ना. मग नुसत्या सुपारी आणि अंगठीनं ओवाळलं, तसंही ओवाळतातच. भावानं पाचशेची नोट ठेवली, ती मला फ्लोअरवर नेता येईना, कारण स्टाफनं खिशात कॅश ठेवायची नाही, मग त्यालाच परत दिली की नंतर जीपे कर. करंज्या काकांना दिल्या. चार अठ्ठावीसला पंच.

त्या रात्री राजीनामा लिहिला असं वाटेल तुम्हाला, तसं काही नाही, मी सात नोव्हेंबरला येणारा पगार आणि दिवाळीचा इन्सेंटिव्ह हातात येईपर्यंत थांबले, एवढी शहाणी आहे. नोटीस पिरियडला मी माझी वही काढली. पहिल्या सेलपासून मी एका छोट्या वहीत तारीख, आत किती वाजता, बाहेर किती वाजता आणि बुडालेली वीक ऑफ लिहून ठेवत होते, सोबत रोस्टरचे सगळे फोटो, अंगठ्यासकट. अकरा कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्ट्या, बाकी निघाले. आधी म्हणाले लॅप्स झाले. मी मेलवर विचारलं की लॅप्स कुठल्या नियमानं, कायद्याचं नाव आणि वर्ष लिहून, बाकी काही नाही, आवाजही चढवला नाही. सात कॉम्प ऑफचे पैसे फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, आले. चारचे नाही आले. ओव्हरटाइमचा विषय काढला तर म्हणे पंचमध्ये दिसत नाही, आणि पंचमध्ये नाहीच दिसत, खरंय.

कुणी तिथे इंटरव्ह्यूला जाणार असेल तर इन्सेंटिव्ह नंतर विचारा, आधी विचारा रोस्टर किती दिवस आधी येतं आणि बदललं तर कोण कळवतं, फोनवर की मेसेजवर. पेरोल कुणाचं ते विचारा. सह्या करताना कागद वाचा, ते घाई करतील, करू देत. आणि बदलापूर-कर्जतचे असाल तर क्लोजिंगचं आधीच बोलून घ्या. गिऱ्हाईक म्हणून जाणार असाल तर जा, माल चांगला आहे, अल्टरेशन फुकट आणि नीट करतात, फक्त नऊ पन्नासला "जस्ट बघतोय" म्हणत शिरून टेबलावरचे अठरा टी-शर्ट उघडू नका, त्याची घडी कोण घालतं ते आता तुम्हाला माहितीये.

आता मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला आहे, पगार दोन हजारानं कमी, रविवार बंद. शोरूमच्या ग्रुपमधून मला अजून काढलेलं नाही, मीही निघाले नाही. परवाच्या रविवारी ११.४८ ला नवीन आठवड्याचा फोटो आला. शीट कुणी बदललेली नाही, सतराव्या ओळीत माझं नाव तसंच आहे, सोमवारी ओपनिंग.