लिनक्स 6.12 : जुन्या लॅपटॉपवरचा दीर्घकालीन कर्नल
नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याच्या, 6.12 या दीर्घकालीन (अनेक वर्षे दुरुस्त्या मिळणाऱ्या) शाखेची देखभाल मला तिच्या नव्या सुविधांपेक्षा अधिक मोलाची वाटते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत स्वीकारली न गेलेली दुरुस्ती येथे सहसा घेतली जात नाही, शिवाय ती शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी असा नियम आहे. त्यामुळे अपडेटनंतर वायफाय बंद पडेल ही धास्ती बरीच कमी होते. बदलांची यादी मात्र सामान्य वापरकर्त्याच्या डोक्यावरून जाते. अनेक वर्षे बाहेर ताटकळलेली रिअल-टाइमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम उरकण्याची, सोय याच आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आली, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी ही शाखा जरूर वापरून पाहावी. फक्त संगणक सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या ग्रबच्या मेनूतला जुना कर्नल लगेच काढून टाकू नये.