लडाखला सेल्फ ड्राइव्ह गाडी घेताय? पैसे देण्याआधी नंबरप्लेट बघा, आमचे 42,000 गेलेत

मागच्या जुलैमध्ये मी, नवरा, दादा आणि वहिनी असे चौघं मनालीहून लेहला गाडीने गेलो होतो. तीन वर्षं ठरवत होतो, कधी सुट्टी नाही कधी पैसे नाहीत असं करत करत शेवटी जमलं. वहिनीला नुब्रा खोऱ्यातल्या हुंडरची वाळू बघायची होती, म्हणजे चारही बाजूंनी डोंगर आणि मधे वाळवंट, त्यात ते दोन वशिंडांचे उंट. ते राहूनच गेलं आणि ते ज्या कारणाने राहिलं ते सगळं लिहितेय, कारण आता परत सीझनची बुकिंग सुरू झालीत आणि हीच पद्धत अजून चालू आहे.

इन्स्टावर एक पेज सापडलं, मनालीत गाडी ताब्यात देणार, स्वतः चालवायची, "पूर्ण लडाख अलाऊड" असं ठळक लिहिलेलं. फोनवरचा माणूस इतका व्यवस्थित बोलायचा की शंकाच आली नाही. 8 दिवस, रोजचे 4,000 म्हणजे 32,000 आणि वर 10,000 डिपॉझिट, सगळं आधी. यूपीआयवर नाव कंपनीचं न येता कुठल्या तरी बाईचं आलं, विचारलं तर म्हणे घरचंच अकाउंट आहे. फोटोत नंबरप्लेटवर त्यांचा लोगो चिकटवलेला होता, मला वाटलं प्रायव्हसीसाठी असेल.

त्याने प्लॅनपण बनवून दिला होता. पहिला मुक्काम सरचू, दुसऱ्या दिवशी लेह, तिसऱ्या दिवशी सकाळी लगेच नुब्रा. मनाली साधारण 2,050 मीटरवर, सरचू जवळजवळ 4,300 वर, एका दिवसात एवढं चढल्यावर रात्री काय होतं ते आम्ही तंबूत अनुभवलं, वहिनीला उलट्या, दादाचं डोकं ठणकतंय, कोणालाच झोप नाही. जाणकार लोक पहिली रात्र सरचूच्या अलीकडे, कमी उंचीवरच्या जिस्पाला काढा आणि लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसती विश्रांती घ्या सांगतात ते उगाच नाही. ज्याला गाडी फक्त लवकर परत हवी असते तोच माणूस असा प्लॅन देतो हे मला आता कळतंय.

मनालीत गाडी आली ती पांढऱ्या प्लेटची. इथेच थांबायला हवं होतं. भाड्याने स्वतः चालवायला द्यायची गाडी असेल तर प्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात, टॅक्सीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी. पांढरी प्लेट म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने देणंच बेकायदेशीर आहे, आणि वाटेत काही झालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते कारण खाजगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. गाडी आणून देणारा पोरगा चावी देताना म्हणाला, कोणी विचारलं तर कझिनची गाडी आहे सांगा. पैसे दिलेले, हॉटेल बुक झालेली, आम्ही गाडीत बसलो.

लेहपर्यंत कोणी काही विचारलं नाही. आम्ही एक दिवस थांबलो आणि मग नुब्राला जायला खारदुंगला घाटाच्या रस्त्याला लागलो, तर साऊथ पुल्लूच्या चेकपोस्टच्या अलीकडेच टॅक्सी युनियनच्या दोघांनी गाडी थांबवली. त्यातला एक पंचविशीतला मुलगा, काचेत वाकून अगदी शांतपणे, "गाड़ी किसकी है?" दादा म्हणाला, कझिनची. "नाम?" दादाने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने डॅशबोर्डचा खण उघडून आरसी काढली आणि तिथेच वाचायला लागला. तो मुलगा चिडला नाही की पैसेही मागितले नाहीत, फक्त म्हणाला, "भैया, रोज ऐसे ही आते हैं, वापस लीजिए." बाहेरून भाड्याने आणलेली गाडी किंवा बाईक लेहपर्यंत चालते, लेहच्या पुढे नुब्रा, पॅंगाँगला चालत नाही, तिथल्या लोकांचं पोट त्याच्यावर आहे. स्वतःच्या नावाची गाडी घरून चालवत आणली तर प्रश्न नाही. म्हणजे ज्या दोन ठिकाणांसाठी आम्ही गाडी घेतली तिथेच ती जाऊ शकत नव्हती आणि हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. राग ह्याचाच जास्त आहे.

तिथून त्याला फोन करायचा तर माझं आणि दादाचं सिम प्रीपेड, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड लडाखमध्ये चालतच नाही, आणि नवऱ्याच्या पोस्टपेडला तिथे रेंज नाही. लेहला परत येऊन लावला तर आधी उचलला, "देखता हूँ" म्हणाला, मग बंद. युनियनच्या दराने टॅक्सी करून एक पॅंगाँग तेवढं केलं, नुब्राचे पैसे उरले नव्हते. वहिनी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मनालीत गाडी परत दिल्यावर खालच्या बाजूचा एक ओरखडा दाखवून डिपॉझिट अडकवलं. तो ओरखडा आधीपासून होता पण आमच्याकडे घेतानाचा व्हिडिओ नाही. दोन दिवसांनी नंबर ब्लॉक. 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण पैसे देऊन दीड महिना झालेला, खातं रिकामं. शंका आली त्याच दिवशी केलं असतं तर कदाचित काही रक्कम अडवता आली असती, तुम्ही तरी वेळ घालवू नका.

आता कोणी मला विचारलं तर मी आधी गाडीचा नंबर मागायला सांगते. एमपरिवहन ह्या सरकारी ॲपवर टाकला की वाहनाचा प्रकार आणि इन्शुरन्सची तारीख दिसते, पाच मिनिटांचं काम आहे. नंबर द्यायला का कू केली की तिथेच सोडा. आणि लेहच्या पुढे फिरायचं असेल तर टॅक्सी, बाईक लेहमध्येच घ्या.

परवा वहिनीने एक नवीन पेज पाठवलं. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण गाडी तीच, आरशाला गुंडाळलेल्या रंगीत पताका त्याच, आणि प्लेटवर परत लोगो. खाली कोणीतरी विचारलंय, नुब्राला चालेल का? उत्तर आहे, पूर्ण लडाख अलाऊड.